डब्यावरचं नाव वाचू नका: हट्टी व्हिडिओ ओपन सोर्स प्लेअरवर कसे लावायचे

मामांनी दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये पाच फायली होत्या. एक १९९९ सालच्या लग्नाच्या सीडीवरून उतरवलेली, नावाच्या शेवटी ‘डॅट’. दुसरी वीसेक वर्षांपूर्वी इंटरनेटवरून घेतलेलं एक कीर्तन, शेवटी ‘आरएम’. तिसरा भाचीच्या आयफोनवरून आलेला बारशाचा व्हिडिओ, ‘एमओव्ही’. चौथी सोसायटीच्या पार्किंगमधल्या कॅमेऱ्याची, ‘डीएव्ही’. कारण मामांची उभी स्कूटर कुणीतरी ठोकून गेलं होतं. पाचवी एका क्लासकडून विकत घेतलेली स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं. मामांची तक्रार एकच होती, “यातलं एकही लागत नाही. लॅपटॉप जुना झालाय का रे?”

लॅपटॉप ठीक होता. चार फायली त्याच दुपारी लागल्या. पाचवी लागली नाही, आणि ती का लागणार नाही हेही मामांना समजावून सांगावं लागलं. त्या दुपारी जे केलं तेच इथे क्रमाने लिहितोय. फाईल कॉपी करता येते आणि सॉफ्टवेअर बसवता येतं, एवढं येत असेल तर पुरे.

आधी डबा आणि आतला माल

आमच्या स्वयंपाकघरात बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी असते आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा. व्हिडिओ फायलींचंही असंच आहे. एव्हीआय, एमओव्ही, एमपी४, एमकेव्ही, डब्ल्यूएमव्ही ही डब्यांची नावं. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीने. या दाबून भरण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. प्लेअरला डबा उघडता आला आणि आतला कोडेक ओळखता आला, तरच व्हिडिओ दिसतो. चित्र दिसतं पण आवाज नाही, किंवा आवाज येतो पण पडदा काळा, हे होतं ते दोनांपैकी एकच ओळखता आल्यामुळे.

‘एमओव्ही’ या एकाच नावाखाली २००२ सालच्या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये सोरेन्सन कोडेक सापडेल, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या फायलीत मोशन जेपेग आणि आजच्या आयफोनच्या फायलीत एचईव्हीसी. तिन्ही कोडेक वेगवेगळे. म्हणून ‘एमओव्ही कसं चालवू?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. आत काय आहे ते आधी बघावं लागतं.

आणि हो, फाईलचं नाव बदलून ‘आरएम’चं ‘एमपी४’ केल्याने काही होत नाही. मामांनी ते करून पाहिलं होतं. डब्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी चिकटवली म्हणून मोहरी गोड होत नाही.

कुलपं तीन प्रकारची

लोक सरसकट ‘प्रोप्रायटरी फॉरमॅट’, म्हणजे कंपनीच्या मालकीचा, म्हणतात, पण त्यात तीन वेगळ्या भानगडी आहेत. कुठली आपल्या वाट्याला आली आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

पहिली भानगड गुप्ततेची. कंपनीने कोडेक बनवला आणि आतली रचना कुणाला सांगितली नाही. रिअलव्हिडिओ, सोरेन्सन, इंटेलचा इंडिओ, विंडोज मीडियाचे कोडेक हे सगळे एके काळी असे होते. २००० च्या आसपास लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची खुली सिस्टिम) एमप्लेअर नावाचा प्लेअर विंडोजच्याच डीएलएल फायली, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, उचलून आणायचा आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचा. घरचा आचारी येत नाही म्हणून शेजारच्यांचा बोलवावा तसं. पुढे एफएफएमपेग या प्रकल्पातल्या लोकांनी एकेका कोडेकचं रिव्हर्स इंजिनीअरिंग करून, म्हणजे तयार मालावरून रचना शोधून काढून, स्वतःचे डीकोडर (दाबलेला माल उलगडणारे प्रोग्राम) लिहिले. एफएफएमपेग २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. तुम्ही कुठलाही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्लेअर उघडा, पोटात बहुधा तेच असतं. त्यामुळे ही भानगड आज जवळजवळ मिटलेली आहे. मायक्रोसॉफ्टने तर विंडोज मीडिया व्हिडिओ ९ पुढे स्वतःच मानकासाठी दिला आणि २००६ मध्ये व्हीसी-१ या नावाने तो प्रसिद्ध झाला.

दुसरी भानगड पेटंटची. एच.२६४ आणि एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, यांची रचना अजिबात गुप्त नाही, कुणीही वाचावी. पण वापरायची तर पेटंटधारकांना पैसे द्यावे लागतात. म्हणून काही लिनक्स वितरणं (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) हे कोडेक सोबत देत नाहीत, आणि विंडोज एचईव्हीसीच्या एक्स्टेन्शनसाठी स्टोअरमध्ये थोडे पैसे मागतं. इथे अडचण तांत्रिक नसून हिशेबाची आहे. भारताच्या पेटंट कायद्यातलं कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रामला आणि अल्गोरिदमला पेटंट देत नाही, आणि व्हीएलसीचं घर असलेल्या फ्रान्समध्येही बरीचशी तशीच भूमिका आहे. घरी बसून बारशाचा व्हिडिओ पाहणाऱ्याने याची काळजी करत बसू नये.

तिसरी भानगड खऱ्या कुलपाची, म्हणजे डीआरएम. फाईल एन्क्रिप्ट केलेली असते आणि किल्ली विकणाऱ्याच्या सर्व्हरवर. तिथे कोडेक माहीत असूनही उपयोग नाही.

प्लेअर बसवणं

दोन प्लेअर बसवा: व्हीएलसी आणि एमपीव्ही. व्हीएलसी सगळ्यांना माहीत आहे, नारिंगी शंकूवाला. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंत्राल या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर टीव्ही दाखवायचा उद्योग सुरू केला, त्यातून तो निघाला. शंकू म्हणजे त्या पोरांनी रस्त्यावरून गोळा केलेले ट्रॅफिकचे शंकू. २००१ पासून तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला आहे. एमपीव्ही दिसायला अगदी रोडावलेला. मेन्यू नाहीत, बटणं जेमतेम, फाईल ओढून खिडकीत टाकायची. पण हट्टी फाईल असली की मी आधी त्याच्याकडे जातो. बटणं हवीच असतील तर त्याच इंजिनावर चालणारे एसएमप्लेअर आणि मॅकसाठी आयना हे प्लेअर आहेत.

व्हीएलसी घेताना एक जपा. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिराती सोडा आणि ब्राउझरमध्ये व्हिडिओलॅन डॉट ओआरजी हा पत्ता स्वतः टाइप करा. २०२२ मध्ये काही महिने ही साइट भारतात बंद होती. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने व्हिडिओलॅनने कायदेशीर नोटीस धाडल्यावर नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा उघडली. त्या काळात अनेकांनी सापडेल तिथून व्हीएलसी उतरवलं. तुमचंही त्यातलंच असेल तर काढून टाका आणि नव्याने घ्या.

विंडोज आणि मॅकवर एवढंच. सगळे कोडेक व्हीएलसीच्या पोटातच येतात. ‘कोडेक पॅक’ नावाचं काही वेगळं उतरवू नका. एखादी फाईल लावल्यावर ‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी अमुक कोडेक डाउनलोड करा’ अशी पाटी आली, तर ती फाईल सरळ काढून टाका. डब्ल्यूएमव्हीच्या डब्यातून अशी पाटी दाखवून व्हायरस बसवायची युक्ती फार जुनी आहे आणि अजून चालते. विंडोजवर जुनं क्विकटाइम पडून असेल तर तेही काढा. ॲपलने २०१६ मध्येच त्याच्याकडे पाठ फिरवली आहे.

लिनक्सवर थोडं जास्त. मिंटमध्ये स्वागताच्या खिडकीतच मल्टिमीडिया कोडेक बसवायचं बटण आहे. उबुंटू बसवताना जास्तीच्या मीडिया फॉरमॅटसाठी एक चौकट येते, ती टिक करा. राहून गेली असेल तर ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ हे पॅकेज नंतर बसवता येतं. टर्मिनलमधून बसवलंत तर मध्येच जांभळ्या पडद्यावर मायक्रोसॉफ्टच्या फाँटचा करारनामा येतो, माउस चालत नाही, एंटर चालत नाही, आणि नवा माणूस घाबरून खिडकीच बंद करतो. टॅब दाबा. ‘ओके’ रंगेल, मग एंटर. मी स्वतः पहिल्या वेळी अर्धा तास त्या पडद्यासमोर बसलो होतो. खरं म्हणजे व्हीएलसीला या पॅकेजची गरजही नाही. ते उबुंटूच्या आपल्या व्हिडिओ प्लेअरसाठी. फेडोरा पेटंटच्या बाबतीत सोवळ्यातला आहे, त्यामुळे तिथे एकतर आरपीएम फ्यूजन हा जास्तीच्या सॉफ्टवेअरचा साठा जोडा, नाहीतर फ्लॅटहब या लिनक्सच्या ॲप स्टोअरवरून व्हीएलसी घ्या. नवख्या माणसाला दुसरा मार्ग सोपा.

झाकण उघडून बघा

व्हीएलसीत फाईल लावा. दिसो न दिसो, कंट्रोल धरून जे दाबा. टूल्स मेन्यूतली ‘कोडेक इन्फर्मेशन’ची खिडकी उघडते. चित्र आणि आवाज यांची नावं वेगवेगळी लिहिलेली असतात, पुढे कंसात चार अक्षरांचा संक्षेप. डब्ल्यूएमव्ही३ म्हणजे विंडोज मीडिया ९. आरव्ही४० म्हणजे रिअलव्हिडिओ. एसव्हीक्यू३ म्हणजे सोरेन्सन. आवाजात एसएएमआर दिसलं तर जुन्या फोनवरचा एएमआर. ए५२ म्हणजे आपला नेहमीचा एसी३. रिअलच्या आवाजाच्या कोडेकचं नाव ‘कुक’ आहे, दचकू नका.

खिडकी रिकामीच राहिली तर मीडियाइन्फो हे छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या. ते व्हिडिओ लावत नाही, फक्त डब्यात काय आहे ते वाचून दाखवतं. त्यालाही काही सापडलं नाही, तर फाईल अर्धवट कॉपी झालेली आहे, किंवा एन्क्रिप्ट केलेली आहे, किंवा ती व्हिडिओ फाईलच नाही.

हे शेवटचं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. मामांकडे कीर्तनाच्या आणखी चार फायली होत्या, शेवटी ‘रॅम’ असलेल्या. प्रत्येकीचा आकार शंभर बाइटसुद्धा नाही. नोटपॅडमध्ये उघडल्या तर आत एकेक ओळ, कुठल्याशा सर्व्हरचा पत्ता. खरं कीर्तन त्या सर्व्हरवर होतं आणि तो कधीच बंद झालाय. मामांनी वीस वर्षं पत्त्याची चिठ्ठी जपून ठेवली होती. विंडोज मीडियाच्या ‘एएसएक्स’ फायलीही अशाच चिठ्ठ्या असतात. म्हणून फाईलचा आकार सगळ्यात आधी बघा.

लग्नाची सीडी

व्हिडिओ सीडीत चित्र एमपेग-१ मध्ये असतं, आकार ३५२ बाय २८८, मिनिटाला साधारण १० एमबी. ‘डॅट’ ही फाईल ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये सापडते. विंडोजवर ती सीडीवरून सरळ हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि व्हीएलसीत ओढून टाका, लागते. सीडीवरूनच बघत बसू नका. चरे पडलेली सीडी ड्राइव्हला फार वेळ घरघरायला लावते.

लिनक्सवर तीच ‘डॅट’ कॉपी करायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर येतो आणि सीडी खराब झाली असं वाटतं. तसं नसतं. व्हिडिओ सीडीवरचे सेक्टर नेहमीच्या डेटा सीडीपेक्षा वेगळे असतात, २०४८ ऐवजी २३२४ बाइटचे, आणि साधी कॉपी तिथे अडते. व्हीएलसीच्या मीडिया मेन्यूतून ‘ओपन डिस्क’ उघडा, त्यात व्हीसीडी निवडा आणि लावा. कॉपीच हवी असेल तर व्हीसीडीइमेजर या संचातलं व्हीसीडीएक्सरिप वापरा.

लग्नाच्या डीव्हीडीचं सोपं आहे. आत ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डरमध्ये एकेक जीबीचे ‘व्हीओबी’ तुकडे असतात. एकेक तुकडा लावत बसण्यापेक्षा व्हीएलसीत ‘ओपन फोल्डर’ करून ते फोल्डरच दाखवा, फोटोग्राफरने केलेल्या फुलाफुलांच्या मेन्यूसकट सगळं येतं. घरगुती डीव्हीडीला कुलूप नसतं. दुकानातून घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीला सीएसएस हे कुलूप असतं, त्यासाठी लिबडीव्हीडीसीएसएस लागतं. विंडोजच्या व्हीएलसीत ते आलेलंच असतं, उबुंटूवर ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ हे पॅकेज बसवून ते मिळवावं लागतं. चरे पडलेल्या डीव्हीडीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन चांगलं. ते आधी वाचता येण्यासारखा भाग पटापट उचलतं आणि बिघडलेल्या जागी मागाहून पुन्हा पुन्हा जातं.

कीर्तन

‘बफरिंग’ हा शब्द मराठी घरांत रिअलप्लेअरनेच आणला असावा. कोडेकच्या खिडकीत आरव्ही४० आणि कुक दिसलं, व्हीएलसीत कीर्तन सुरूही झालं. पण पुढे सरकवायला गेलं की पडदा गोठायचा. तीच फाईल एमपीव्हीत टाकली, बाणाच्या कळा दाबल्या, विनातक्रार सरकली. मग एमकेव्हीटूलनिक्स घेऊन ती जशीच्या तशी एमकेव्हीच्या डब्यात भरली. यात चित्राला हात लागत नाही, फक्त डबा बदलतो, आणि मिनिटभरात होतं.

बारशाचा व्हिडिओ

२०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून नवे आयफोन एचईव्हीसीत रेकॉर्ड करतात. व्हीएलसीत तो लागलाच. अडचण अशी की मामांच्या लॅपटॉपवर आवाज पुढे आणि चित्र धापा टाकत मागे. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरात एचईव्हीसीसाठी वेगळी सोय नाही, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. १० बिटचा, म्हणजे रंगांच्या जास्त छटा असलेला, व्हिडिओ असेल तर सातवी पिढी लागते. आयफोन १२ पासूनच्या एचडीआर (जास्त उजेड आणि रंग टिपणाऱ्या) व्हिडिओत रंगही धुवून काढल्यासारखे दिसतात, तिथे एमपीव्ही बराच बरा.

यावर दोन उपाय केले. भाचीला फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट ‘मोस्ट कंपॅटिबल’ करायला सांगितलं, म्हणजे पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतील. आणि आलेला व्हिडिओ हँडब्रेकमध्ये टाकून ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार साचा निवडून रात्रभर लावून ठेवला. सकाळी मामी तीनदा बघून झाल्या होत्या.

पार्किंगमधला कॅमेरा

हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण आता प्रत्येक सोसायटीत डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, आहे आणि वेळ आली की नेमकी फाईल लागत नाही.

सेक्रेटरींनी पेन ड्राइव्हवर दोन गोष्टी दिल्या होत्या: ‘डीएव्ही’ फाईल आणि डीव्हीआर बसवणाऱ्याने ठेवलेला एक प्लेअर, जो चालवायला गेलं की अँटिव्हायरस ओरडायचा. तो प्लेअर मी चालवला नाही. आतलं चित्र बहुतेक वेळा साधं एच.२६४ किंवा एच.२६५ च असतं, कंपनीने फक्त डबा स्वतःचा केलेला असतो. एफएफएमपेगमध्ये आता या डब्याचं झाकण उघडायची सोय आहे, त्यामुळे नवा एमपीव्ही ‘डीएव्ही’ सरळ लावतो. प्लेअर जुना असेल तर आधी अद्ययावत करा.

काही डीव्हीआर नुसतं ‘.२६४’ देतात, डब्याशिवायचा सुटा माल. व्हीएलसीला तो ओळखू आला नाही तर प्रेफरन्सेसमध्ये खाली ‘ऑल’ निवडा, मग इनपुट आणि कोडेक्स, त्यात डीमक्सर्स (डबा उघडणारे भाग), आणि डीमक्स मॉड्यूलच्या जागी एच२६४ व्हिडिओ डीमक्सर. काम झाल्यावर हे आठवणीने पूर्ववत करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी एकही सिनेमा लागणार नाही आणि तुम्ही व्हीएलसीला शिव्या द्याल. अशा सुट्या फायलीत वेळेची नोंद नसते. प्लेअर सेकंदाला २५ चित्रं धरून चालतो, कॅमेऱ्याने १२ च घेतलेली असतात, म्हणून माणसं चार्ली चॅप्लिनसारखी पळताना दिसतात. एमपीव्हीत डावा चौकोनी कंस दाबत गेलात की वेग उतरतो.

मग नेमका क्षण शोधायचा. एमपीव्हीत टिंबाची कळ दाबली की एक चित्र पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक चित्र मागे, एस दाबला की फोटो निघतो. व्हीएलसीत पुढे जायला ई आणि फोटोसाठी शिफ्टसह एस. आम्ही रात्री ११ वाजून ४२ मिनिटांपासून एकेक चित्र सरकवत गेलो. पांढरी गाडी मागे येते, स्कूटर हलते, कलंडते, गाडी थांबते, आणि निघून जाते. नंबर प्लेट म्हणजे नुसता पांढरा धब्बा. सिनेमात करतात तसं मोठं करून काही मिळत नाही, कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते प्लेअर कुठून आणणार? मागच्या काचेवर ‘आई’ असं स्टिकर मात्र स्वच्छ दिसलं. सोसायटीत ते स्टिकर असलेल्या पांढऱ्या गाड्या तीन आहेत.

प्रकरण पोलिसांपर्यंत जाणार असेल तर मूळ ‘डीएव्ही’ जशीच्या तशी ठेवा, रूपांतर केलेली फाईल फक्त बघण्यासाठी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईलवरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहायचं असतं. फाईलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी ते मूल्य बदलतं. आणि डीव्हीआरमधलं फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा मागायला उशीर करू नका. मागतानाच ‘एमपी४ किंवा एव्हीआयमध्येही निघतंय का बघा’ असं सांगा. बऱ्याच डीव्हीआरमध्ये तो पर्याय असतो, फक्त कुणी दाबलेला नसतो.

क्लासची व्याख्यानं

मीडियाइन्फोने काही दाखवलं नाही. फाईल मोठी, आकार ठीक, पण आत सगळा काला. ही एन्क्रिप्ट केलेली होती. क्लासचा स्वतःचा प्लेअर, तोही ठरलेल्या संगणकावर आणि ठरलेल्या मुदतीत चालणारा. मुदत मार्चमध्येच संपलेली. ओटीटी ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले सिनेमे आणि विंडोज मीडियाच्या काळात विकत घेतलेली डीआरएमवाली गाणी याच जातीची. व्हीएलसी असो, एमपीव्ही असो, कुणी ती लावू शकत नाही. हक्कांचं उल्लंघन करायच्या हेतूने असं कुलूप फोडणं २०१२ पासून कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ए खाली गुन्हाही आहे. मामांना म्हटलं, “पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधी विचारा, प्लेअर कुठला आणि मुदत किती.” मामा म्हणाले, “मुलगा परीक्षा पास झाला, राहू दे.”

लागतं, पण नीट लागत नाही

हिरवा पडदा किंवा चौकोन चौकोन दिसत असतील तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट आणि कोडेक्सखाली ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डीकोडिंग’ बंद करून बघा. दहापैकी सात वेळा माझं काम एवढ्यावर झालंय.

हँडिकॅमच्या ‘एमटीएस’ फायलींत आणि डीव्हीडीत माणूस हलला की कडांना कंगव्याचे दाते दिसतात. ते इंटरलेसिंग, म्हणजे एकाआड एक ओळींनी भरलेलं चित्र. व्हीएलसीत आणि एमपीव्हीत दोन्हीकडे डी दाबा. आवाज आणि ओठ जुळत नसतील तर व्हीएलसीत जे आणि के, एका दाबाला ५० मिलिसेकंद. एव्हीआय पुढे सरकत नसेल तर तिची अनुक्रमणिका तुटलेली असते. व्हीएलसी दुरुस्त करू का विचारतो, हो म्हणा.

फोनवरच्या प्लेअरमध्ये चित्र दिसतं आणि ‘ईएसी३ (आवाजाचा एक कोडेक) चालत नाही’ अशी ओळ येऊन आवाज बंद, हा अनुभव बहुतेकांना असेल. तो परवान्याच्या पैशांचा मामला आहे. तीच फाईल अँड्रॉइडच्या व्हीएलसीत लावा, आवाज येतो.

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली, एमपी४ शून्य मिनिटांची दिसते, असं झालं असेल तर प्लेअर बदलून उपयोग नाही. एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते, आणि ती लिहायची राहून गेलेली असते. ‘अनट्रंक’ नावाचं ओपन सोर्स साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने घेतलेली एक धडधाकट फाईल दाखवायची, ती पाहून ते तुटलेलीची अनुक्रमणिका बांधायचा प्रयत्न करतं. चुलत भावाच्या मुंजीची फाईल अशी परत मिळाली, शेवटची चार मिनिटं सोडून.

रूपांतर करायचंच असेल तर

सगळ्यात शेवटी, आणि गरज असेल तरच. आधी फक्त डबा बदलून भागतंय का बघा. एमकेव्हीटूलनिक्स किंवा लॉसलेसकट यासाठी पुरेत. टीव्हीच्या यूएसबीत लावायचं म्हणून कोडेकच बदलावा लागला, तर हँडब्रेकमध्ये एच.२६४ निवडा आणि गुणवत्तेचा आरएफ आकडा १८ ते २० ठेवा. आकडा लहान तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. लग्नाची सीडी ताणून १०८० करू नका, ३५२ बाय २८८ मध्ये नसलेले चेहरे त्याने येणार नाहीत. कंगव्याचे दाते असतील तर फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा, कारण एकदा रूपांतरात चिकटले की ते निघत नाहीत.

मूळ फाईल पुसू नका. मामांच्या डिस्कवर आता ‘मूळ’ आणि ‘बघायचं’ अशी दोन फोल्डरं आहेत. टीव्हीला ‘बघायचं’ जोडलेलं असतं, आणि ‘मूळ’ची दुसरी प्रत माझ्याकडे.